वारली चित्र शिकवायचं तर सातबाऱ्यापर्यंत जायला हवं

९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन जवळ आला की बऱ्याच शाळांत ठरलेला कार्यक्रम होतो. फलकावर गेरूच्या रंगाचा कागद, त्यावर पांढरी त्रिकोणी माणसं, आणि स्टेजवर पानांचे घागरे घालून, डोक्यात पिसं खोवून नाचणारी पाच-सहा मुलं. वारल्यांच्या कुठल्याही घरी तो पिसांचा टोप सापडणार नाही. तो परदेशी सिनेमांतून आपल्याकडे आला आणि गॅदरिंगच्या पेटीत राहिला. मुलांच्या डोक्यात मात्र बसतं ते एवढंच: आदिवासी म्हणजे जंगलात नाचणारी, फार पूर्वीची माणसं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाख, म्हणजे राज्याच्या ९ टक्क्यांहून थोडी जास्त होती. भाषेपुरतं बघितलं तरी यांना एका पोत्यात भरता येत नाही. पालघरची वारली आणि नंदुरबारची भिली मराठी-गुजरातीच्या कुळातल्या आहेत. गडचिरोलीची गोंडी आणि यवतमाळची कोलामी या तेलुगू-कन्नडच्या द्राविड कुळातल्या. मेळघाटातल्या कोरकूचं नातं थेट झारखंडच्या मुंडारीशी आहे. बुलढाण्यातल्या जळगाव जामोदकडे बोलली जाणारी निहाली तर कुठल्याच कुळात नीट बसत नाही. तेव्हा 'आदिवासींचा पोशाख', 'आदिवासींचे सण' अशी शीर्षकं देऊन एका तासात सगळं उरकायला गेलं की चुका होणारच.

यावर साधा उपाय आहे. एक समाज, एक तालुका आणि एक वस्तू निवडायची, आणि ती वस्तू नेईल तिकडे जायचं. इथे उदाहरणाला डहाणू-तलासरी भागातला वारल्यांचा लग्नचौक, म्हणजे लग्नात भिंतीवर लिहितात ते चित्र, घेतला आहे. सहावी ते नववीच्या वर्गाला आठ तासिका पुरतात. चित्राला दोन, शेती आणि जंगलाला दोन, कर्ज, वेठ आणि १९४५ च्या लढ्याला दोन, कायद्याला एक, आणि गावातल्या माणसांशी बोलायला एक. चित्रालाच पाच तासिका दिल्या की पुढचं सगळं राहून जातं, आणि बहुतेक शाळांत नेमकं तेच होतं.

चौक म्हणजे काय

आज पिशव्यांवर, मगांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर दिसणारं वारली चित्र मुळात लग्नाच्या विधीचा भाग आहे. घराच्या आतल्या भिंतीवर, शेणामातीने सारवून आणि गेरूने रंगवून घेतलेल्या जागेवर, तांदळाच्या पिठाने सवाष्णी चौक लिहितात. मधोमध चौकट, तिच्या कडांना साखळ्यांची, फणीची, शिडीची नक्षी, आणि आत पालघट देवी. ही सुफलतेची, झाडापिकाची देवी. शेजारी लहान देवचौकात पाचशिऱ्या देव असतो. बाजूने सूर्य-चंद्र, घोड्यावरचे नवरा-नवरी, झाडं, नाच. चौक लिहून झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. परंपरेने लग्न लावणारीही बाईच, धवलेरी. तिची गाणी हाच लग्नाचा मंत्रभाग. वर्गात हे सांगितल्यावर 'मग भटजी कधी येतात?' हा प्रश्न हमखास येतो. उत्तर घाईने देऊ नका. आपापल्या घरच्या लग्नात कोणती कामं फक्त बायका करतात, याची यादी मुलांनाच करायला लावा.

पुरुष हे चित्र काढायला लागले ते १९७० च्या दशकापासून, चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर उतरलं तेव्हा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी रोजच्या जगण्याची दृश्यं स्वतंत्रपणे रंगवायला सुरुवात केली. मासेमारीचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, भाताची लावणी असे विषय आले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. म्हणजे विधीचा चौक आणि विक्रीचं चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी जेमतेम पन्नास वर्षांची आहे. 'हजारो वर्षांची कला' हे वाक्य सगळीकडे छापलेलं असतं. वर्गात ते सरसकट सांगू नये, कारण त्यात नवं काय आणि जुनं काय हेच पुसलं जातं. २०१४ साली वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळालं, हेही याच गोष्टीचं पुढचं टोक.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. पालघट देवीचा चौक चित्रकला स्पर्धेचा विषय करू नये, दिव्यांवर नि पायपुसण्यांवर तर नाहीच. मुलांना शेतीची, झाडांची, बाजाराची दृश्यं द्यावीत. चौक कसा असतो ते फोटोवरून बघावं आणि समजून घ्यावं, एवढं पुरे.

हाताने करताना

पोस्टर कलरचा तयार पांढरा रंग सोपा पडतो, पण खऱ्या साहित्याने केलं तर मुलांना चित्राची शिस्त कळते. चाळीस मुलांना अर्धा किलो तांदूळ भरपूर होतो. तो पाच-सहा तास भिजवून, गंध उगाळल्यासारखा बारीक वाटायचा आणि फडक्यातून गाळायचा. एक वाटी वाटणाला चमचाभर भिजवलेला डिंक. कुंचल्यासाठी बांबूची वीतभर काडी, तिचं टोक चावून किंवा ठेचून तंतू मोकळे केलेले. खाली जुन्या खोक्यांचा पुठ्ठा, त्यावर गेरूचे दोन हात. गेरूतही थोडा डिंक हवाच.

बिघडतं ते ठरलेल्या ठिकाणी. पहिलं म्हणजे गेरू पूर्ण वाळलेला नसतो आणि पांढऱ्या रेघा गुलाबी होतात. म्हणून पुठ्ठा आदल्या दिवशी रंगवून ठेवावा. दुसरं, तांदळाचं पाणी ओलं असताना फिकट दिसतं आणि वाळल्यावर उजळतं. मुलांना वाटतं रंग लागलाच नाही, म्हणून ती थरावर थर देत जातात आणि वाळल्यावर पापुद्रे सुटतात. पहिली रेघ ओढून पाच मिनिटं थांबायला सांगायचं. तिसरं, डिंक विसरला तर बोट फिरवताच चित्र पिठासारखं निघून येतं.

नाचाचं चित्र काढताना बहुतेक जण बंद गोल काढतात. तारप्याच्या नाचात बंद गोल नसतो. नाचणाऱ्यांची साखळी उघडी असते, एका टोकाला पुढारी असतो, मधे तारपेवाला फिरतो आणि साखळी त्याच्यामागे वळत जाते, त्याच्याकडे पाठ न करता. म्हणून चित्रात गुंडाळी दिसते. तारपा म्हणजे वाळवलेला दुध्या भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा भोंगा. वाजवणारा श्वास न तोडता वाजवतो. याचं रेकॉर्डिंग दोन मिनिटं ऐकवलं की पुरे, त्यावर वेगळा तास घालवायची गरज नाही.

तांदूळ कुठून येतो

आता खरा धडा सुरू होतो. चौक तांदळाचा, आणि वारल्यांच्या देवांत कणसरी, म्हणजे धान्याची देवी, मोठी. तांदूळ येतो राबातून. उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर शेण, झाडाच्या फांद्या आणि पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा पातळ थर देऊन तो भाजतात. तण मरतं, राख मिळते. पाऊस पडला की तिथे दाट बी पेरायचं आणि तीन-चार आठवड्यांनी रोपं उपटून चिखलात आवणी करायची. एवढ्या फांद्या कुठून आणायच्या? जंगलातून. म्हणजे शेत आणि जंगल ही एकच व्यवस्था होती.

इंग्रज सरकारने १८७८ चा वन कायदा आणला आणि जंगलं राखीव करायला सुरुवात केली. फांदी तोडणं आता परवानगीचा, दंडाचा आणि शिपायाच्या मर्जीचा विषय झाला. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी झाल्या की सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्या तक्रारींत राबाचा मुद्दा ठळक होता. इथे वर्गाला दोन गटांत बसवा. एक गट वनखात्याची बाजू मांडेल: इमारती लाकूड, रेल्वे, जंगलतोडीची भीती. दुसरा शेतकऱ्याची: जूनच्या आधी राब भाजला नाही तर भात नाही. दोन्ही बाजूंना खरी कारणं आहेत, हे मुलांना जाणवू द्या. खलनायक ठरवून मोकळं होण्याची घाई नको.

याच तासाला १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, उघडायला हरकत नाही. त्यात लोकांबद्दल बरीच माहिती आहे आणि तितकेच शेरे आहेत. मुलांना वहीत तीन रकाने पाडायला सांगा: लिहिणाऱ्याने काय बघितलं, काय मत दिलं, आणि हे कुणाला विचारून लिहिलं. तिसरा रकाना बहुतेक रिकामाच राहतो.

त्याच लग्नाचं कर्ज

ज्या लग्नासाठी भिंतीवर चौक लिहिला जात होता, त्याच लग्नासाठी सावकाराच्या वहीत नाव चढत होतं. जमिनी हातातून गेल्यावर वारली कुळं झाली. जमीनदाराला पिकातून खंड द्यायचा आणि वर त्याच्या शेतावर, घरी, गवताच्या गंजीवर फुकट राबायचं, म्हणजे वेठ. याहून वाईट प्रकार लग्नगडीचा. लग्नाला कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत सावकाराकडे राबायचं, बायकोसकट. फिटलं की नाही हे सावकाराची वही सांगणार, आणि वही वाचता येणारा घरात कुणी नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासी भागांवर अहवाल दिला. त्यातही या वेठीची नोंद आहे, म्हणजे सरकारला ठाऊकच नव्हतं असं म्हणता येत नाही.

हे आकड्यांनी शिकवलं की मुलं सावरून बसतात. रुपयाचे आणे १६. समजा १०० रुपये कर्ज, म्हणजे १,६०० आणे. दिवसाला १२ आणे मजुरी मिळाली आणि सगळीच कर्जात वळती केली तर सुमारे १३४ दिवसांत फिटतं. दिवसाला एक आणा धरला तर १,६०० दिवस, चार वर्षांहून जास्त. आणि मजुरीच धरली नाही, फक्त पोटाला भाकर दिली, तर? गणिताच्या शिक्षकांनाच हा तास घ्यायला सांगा. व्याज धरून पुन्हा करायला लावा.

बारा आण्यांचा आकडा हवेतून काढलेला नाही. २३ मे १९४५ रोजी तलासरीकडच्या झरी गावात किसान सभा या शेतकरी संघटनेच्या परिषदेला हजारो वारली जमले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने त्याआधी गावोगाव बैठका झाल्या होत्या. ठरलं ते असं: वेठ करायची नाही, आणि रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही. त्या पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो, विळ्याने कापलेलं. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले. लोक हटले नाहीत. वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडली ती या लढ्यामुळे. पुस्तकात 'स्वातंत्र्यलढा' म्हणून जे प्रकरण असतं, त्याच्या शेवटच्या दोन वर्षांत पालघरच्या पाड्यांवर हा दुसरा स्वातंत्र्यलढा चालू होता. मुलांनी दोन्ही घटनाक्रम एका पट्टीवर शेजारी शेजारी मांडावेत.

नकाशा इथेच काढावा. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि तलासरी महाराष्ट्रात राहिलं. वारली समाज आज महाराष्ट्र, गुजरात आणि दादरा-नगर हवेलीत आहे. पालघर जिल्हा तर २०१४ चा, म्हणून जुन्या कागदांत सगळीकडे 'ठाणे' दिसेल. मुलांनी शोधताना अडखळायला नको.

कागदाचा तास

कायदा हा सगळ्यांत कोरडा भाग समजला जातो, पण एक खरा सातबारा समोर ठेवला तर तसं होत नाही. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून नमुना काढा, नाव आणि गट क्रमांक झाका. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांमुळे कसणाऱ्या कुळांना मालकीचा हक्क मिळण्याची वाट झाली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६ अ यांमुळे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सरकारच्या परवानगीशिवाय जात नाही. हा निर्बंध का आला, हे एव्हाना मुलंच सांगतील.

जंगलातल्या जमिनीचं काय, तर २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून प्रत्यक्ष कसत असलेली, जास्तीत जास्त चार हेक्टर जमीन. दावा प्रथम गावातली वनहक्क समिती आणि ग्रामसभा तपासते, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. इतिहासाच्या शिक्षकाला यातली सोन्याची गोष्ट पुराव्यांच्या नियमात आहे. सरकारी कागदांबरोबर गावातल्या वयस्क माणसांचं लिहून घेतलेलं निवेदन, जुनी विहीर, दफनाची जागा, देवस्थान, वंशावळ हेही पुरावे म्हणून धरले जातात. मात्र एकाहून अधिक प्रकारचे पुरावे लागतात. तोंडी इतिहास 'खरा इतिहास' आहे का, या प्रश्नाचं उत्तर कायद्याने दिलेलं आहे. वर्गात एक काल्पनिक दावा लिहायला द्या. कुठल्या दोन पुराव्यांवर तो उभा राहील? फक्त एक तोंडी निवेदन जोडणाऱ्यांचा दावा फेटाळा, कारण लिहून.

यश काय दिसतं हेही सांगायला हवं, नाहीतर मुलांना हा सगळा रडगाण्याचा विषय वाटतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि ग्रामसभा आपल्या जंगलाचा, बांबूचा कारभार बघू लागली. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. उलट बाजूही खरी आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी आलेल्या हजारो शेतकऱ्यांत मोठा वाटा रखडलेल्या वनहक्क दाव्यांसाठी आलेल्या आदिवासींचा होता.

माणसांशी बोलताना

पाड्यावर जायचं तर हंगाम आधी बघा. जून-जुलैत आवणी असते, कुणाला मान वर करायला फुरसत नसते. लग्नं उन्हाळ्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वीटभट्टीवर जातात, म्हणजे जानेवारीत गेलात तर घरांना कड्या दिसतील. पाऊस सरल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस बरे. तारपाही तेव्हाच वाजतो आणि वाघबारसेला वाघोबाची पूजा असते. मुंबईच्या शाळांना फार लांब जायची गरज नाही. आरे कॉलनीत आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वारल्यांचे पाडे आहेत, शहराच्या आधीपासून.

एका घरात आठ-दहा मुलांपेक्षा जास्त नकोत. आधी एका शिक्षकाने जाऊन ग्रामसभेतल्या किंवा पाड्यातल्या वडीलधाऱ्यांशी बोलावं: काय विचारणार, फोटो काढणार का, छापणार का. देवाच्या जागेचे फोटो नाहीत. जो माणूस दोन तास देतो त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा मानधन ठरवून द्यावं आणि ते पाकिटात, सगळ्यांसमोर भाषण न करता. 'जरा नाचून दाखवा' हे म्हणायचं नाही. प्रश्न आधी वर्गात लिहून घ्यावेत. 'तुम्ही काय खाता?' यापेक्षा 'राब भाजायला आता फांद्या कुठून आणता?' या प्रश्नाला माणूस खुलतो, कारण विचारणाऱ्याने काहीतरी वाचलंय हे त्याला कळतं.

वर्गात आदिवासी मुलं असतील तर त्यांना तज्ज्ञ करून उभं करू नका. 'तुमच्यात कसं करतात रे?' असं सगळ्यांसमोर विचारलं की मूल एकतर गप्प होतं किंवा ऐकणाऱ्याला आवडेल ते सांगतं. स्वतःहून बोललं तर बोलू द्या. आणि फळ्यावर भूतकाळ टाळा. 'वारली लोक भात पिकवत असत' हे वाक्य चूक आहे. पिकवतात. त्यांच्यातले काही आज शिक्षक आहेत, तलाठी आहेत, आमदारही आहेत.

पालघर लांब पडत असेल तर वस्तू बदला, पद्धत तीच. चंद्रपूरच्या शाळेला गोंड राजांचा परकोट आहे, जटपुऱ्यापासून पठाणपुऱ्यापर्यंत चारही वेशींसह. 'आदिवासींनी कधी राज्य केलं नाही' हा समज तिथे भिंतीवर हात ठेवूनच मोडता येतो, आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातले, इंग्रजांविरुद्ध उठलेले गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ ला त्याच शहरात फाशी दिलं गेलं. अकोल्याच्या डोंगरी भागात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, इंग्रजांविरुद्ध बंड करणारे महादेव कोळ्यांचे राघोजी भांगरे आहेत. त्यांना २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. जव्हारला मुकण्यांचं महादेव कोळी संस्थान होतं, ते थेट भारतात विलीन होईपर्यंत. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे. तिथे मुलांना सगळं बघत फिरवण्यापेक्षा प्रत्येकाला एकच वस्तू वाटून द्या.

गुण देताना चित्राच्या सुबकतेला दहात दोनपेक्षा जास्त नकोत. बाकीचे आठ एका प्रश्नाला: चौकातलं कुठलंही एक चिन्ह घ्या आणि ते कुठल्या कामाशी, कुठल्या जागेशी आणि कुठल्या कागदाशी जोडलेलं आहे ते लिहा. शिडीचं चिन्ह घेणारं मूल ताडाच्या झाडावर चढेल, मग ते ताड कुणाच्या हद्दीत आहे हे शोधेल, आणि त्याची नोंद कुठे मिळेल हे विचारायला तलाठ्याकडे जाईल. तलाठ्यांना तेवढं आधी कळवून ठेवा.